मुलीचा काही संबंध राहणार नाही

कोर्टाच्या रस्त्याला माझी दहा बाय बाराची खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘फौजी कुटुंबांची कागदपत्रे करून मिळतील’. मी वकील नाही हे आल्या माणसाला मी आधी सांगते. तरी काम होईपर्यंत लोक मला वकीलबाई म्हणतात आणि काम अडलं की विचारतात, “तुमी कुठं वकील हाय?”

खोली वडिलांची. ते फौजेत क्लार्क होते, सुभेदार होऊन परत आले आणि शिवाजी पेठेतल्या घरात महिनाभर बसून आईशी रोज भांडले. तेव्हा आईनंच त्यांना ही खोली बघून दिली. मी टायपिंगची परीक्षा पास होऊन नोकरीची वाट बघत होते. ‘तोवर बस इथं’ म्हणाले, ती मी आता पन्नाशी ओलांडली तरी बसलेली आहे.

बाहेरच्यांना या कामातलं काही कळत नाही, म्हणून थोडं सांगते. फौजेत माणसाच्या आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीचा हुकूम निघतो. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. लग्न झालं, हुकूम. मूल झालं, हुकूम. घटस्फोट झाला, हुकूम. हा हुकूम निघत नाही तोवर मूल रांगायला लागलं तरी फौजेच्या लेखी ते जन्मलेलं नसतं. त्यावरच सगळं चालतं: फौजी दवाखान्याचं कार्ड, कॅन्टीन, शाळा-कॉलेजातल्या राखीव जागा, आणि जवानाच्या मागं राहणारी पेन्शन.

घटस्फोट झाला की बायकोचं हे सगळं बंद होतं. मुलांचं होत नाही. मुलाला पंचविशीपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत, मुलीला लग्न किंवा नोकरी होईपर्यंत, आणि मूल अपंग असेल तर ते जिवंत आहे तोवर. एवढं साधं आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बायकांना वाटतं की आपण घरातून निघालो तशी पोरंही यादीतून निघाली. आणि दहातल्या आठ पुरुषांना वाटतं की बायकोचं नाव काढायच्या अर्जातच पोरांचंही काढून टाकलं की काम झालं.

लोक तऱ्हेतऱ्हेचे येतात. एका जोडप्यानं भांडणात कॅन्टीनचं कार्ड कात्रीनं मधोमध कापलं होतं. दोघं दोन अर्धे तुकडे घेऊन वेगवेगळ्या दिवशी आले आणि दोघांनीही मला तोच प्रश्न विचारला, “एवढ्यावर काय मिळंल का?” एक नाईक दरवर्षी रजेवर आला की मुलाच्या कार्डाचे कागद माझ्या टेबलावर ठेवतो. मुलाला भेटत नाही. आठवड्यानं त्याची आधीची बायको येऊन ते घेऊन जाते. “आला होता?” म्हणून विचारत नाही, फक्त लिफाफा उलटसुलट बघते. चार वर्षं मी त्या दोघांमधली पोस्टाची पेटी आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. कार्ड वेळेवर नवं होतं, बास.

पण आज लिहायला बसले ते विमलसाठी.

विमल गडमुडशिंगीची. माहेरी राहते, दोन म्हशी आणि भावाच्या शेतावरचं काम. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. बरोबर मुलगी होती, प्राजक्ता, वय एकोणीस, वागणं सहा वर्षांच्या पोरीचं. लहानपणापासून तिला झटके येतात. विमल बोलत होती तोवर प्राजूनं माझा ‘सत्यप्रत’चा शिक्का उचलला आणि तळहातापासून कोपरापर्यंत स्वतःवर मारत गेली. विमलनं तिला अडवलं नाही. पोरगी गप्प बसलीय यातच तिला समाधान होतं.

विमलनं मोबाइल पुढं केला. त्यावर एका डिजिटल बोर्डाचा फोटो होता. आमच्याकडे जवान निवृत्त होऊन आला की गावात मिरवणूक निघते, चौकात बोर्ड लागतो. विमलच्या भावाचा मित्र बोर्ड छापायच्या दुकानात कामाला. छापायला आलेला नमुना त्यानं हिला पाठवला होता. ‘हवालदार संदीप यांच्या सेवापूर्तीनिमित्त’. मधोमध गणवेशातला तो, विमलचा आधीचा नवरा, बाजूला आताची बायको रोहिणी आणि दोन मुलगे.

“ताई,” विमल म्हणाली, “ह्यात प्राजू कुठं हाय?”

“बोर्डावर कोण असावं ते मी ठरवत नाही.”

“बोर्डाचं मला काय करायचंय? कागदावर तर हाय का बगा. म्हैनाअखेर सुटून येणार हाय म्हणं त्यो. आजपातूर मागिटलं न्हाई काय. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आणतो, चाललंय. पर माज्या मागं हिला कोण गोळ्या आणणार?”

मी कॅलेंडर बघितलं. महिना संपायला सव्वीस दिवस.

अपंग मुलाचं नाव बाप नोकरीत असतानाच निवृत्तीच्या कागदांत गेलं तर पुढं सरळ जातं. माणूस सुटून घरी आला आणि मग नाव घालायचं म्हटलं की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर, वर्ष, दोन वर्षं. त्यात बाप मेला तर त्या मुलाला बापाचं मूल म्हणून सिद्ध करायला आईनं कुठं कुठं फिरायचं ते मी पाहिलेलं आहे. “जन्मदाखला, कोर्टाचा हुकूम आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र उद्या घेऊन या,” म्हटलं, “आणि शिक्का ठेवायला सांगा तिला.”

अपंगत्वाचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं, पण त्याची मुदत संपली होती. ते नवं करण्यात सहा दिवस गेले. दोनदा डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद होतं. विमल प्राजूला घेऊन वडापच्या जीपनं यायची, तिथून मला फोन करायची, “आज बी न्हाई ताई.” तिला धीर द्यायला जमत नाही मला. “उद्या आठ वाजता रांगेत उभ्या राहा,” एवढंच म्हणायची आणि फोन ठेवला की कॅलेंडर बघायची.

सातव्या दिवशी अर्ज तयार केला. एक प्रत युनिटला, एक रेकॉर्ड ऑफिसला, स्पीड पोस्टनं. चार दिवसांनी युनिटच्या क्लार्कला फोन लावला. तो सांगलीकडचा निघाला.

“म्याडम, पोरीच्या जन्माची ऑर्डर झालेली हाय,” तो म्हणाला. “ती काय पुसत न्हाई. पण मागं यादी नवी केली तवा हवालदारसाहेबांनी लिहून दिलंय की मुलगी माझ्यावर अवलंबून न्हाई. आणि त्याला जोडलाय कोर्टातला तडजोडीचा कागद.”

“त्यात काय आहे?”

“बायकोनंच लिहून दिलंय की. थांबा, फोटो पाठवतो.”

फोटो आला. घटस्फोटाच्या संमतीच्या अटी, दोघांच्या सह्या. अट क्रमांक चार: ‘अपत्य आईच्या ताब्यात राहील. अपत्याचा वडिलांशी व वडिलांचा अपत्याशी यापुढे काही संबंध राहणार नाही व अपत्याकरिता वडिलांकडे कोणतीही मागणी केली जाणार नाही.’ पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं होती. टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. वडिलांनी लावलेली सवय आहे ती, चूक कुणाची हे कळावं म्हणून.

ती अक्षरं माझी होती.

मग आठवलं. तेरा वर्षांपूर्वी विमल आली होती, पण बोलले होते तिचे वडील, आण्णा. त्यांनी आधी गावात पंच बसवून स्टॅम्पपेपरवर फारकत केली होती. आमच्याकडे अजून तशी होते, आणि लोकांना वाटतं झालं. युनिटनं तो कागद परत पाठवला, कोर्टाचा हुकूम आणा म्हणून. म्हणून आण्णा फारकतीचा कागद घेऊन माझ्याकडे आले होते आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी घालायला सांगत होते. “लिवा बाई, पोरीचा काय संबंध न्हाई म्हणून. आमी काय भिकारी न्हाई. माजी नात मी सांभाळतो.” त्यांच्या वकिलानं मान डोलावली. मी टाइप केलं. विमल मागच्या बाकावर झोपलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

आईनं काहीही लिहून दिलं तरी मुलाचा हक्क जात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. वडिलांनी शिकवलेलं होतं. पण आण्णा रागात होते, बाहेर चार माणसं थांबली होती, आणि मला वाटलं, हक्क जातच नाही तर वाक्य राहिलं म्हणून काय बिघडलं? कायद्यात काही बिघडलं नाही. पण दूर कुठल्या तरी ऑफिसात एका क्लार्कनं ते वाक्य वाचलं आणि पोरीच्या नावावर रेघ मारली. त्यानं तरी काय करावं? कागद त्याच्यापुढं होता.

त्या दिवशी मी खोली लवकर बंद केली आणि जुन्या फायली काढल्या. तेच वाक्य आणखी पाच कागदांत सापडलं. मला ते बरं जमलंय असं वाटलं असणार, म्हणून नमुना म्हणून ठेवून दिलं होतं. त्या पाच घरांना मी फोन केले. तिघांची मुलं मोठी होऊन कामाला लागली होती, एकाचा नंबर लागला नाही. पाचवी बाई म्हणाली, “आता कशाला उकरताय?” आणि फोन ठेवला. आण्णा तर वारले आहेत. विमलला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की ती अट मी टाइप केली होती आणि तेव्हा बोलायला हवं होतं.

ती म्हणाली, “तुमी बोलला असता तर आण्णा दुसरीकडं गेलं असतं.” मग म्हणाली, “पर मला तर सांगायचं हुतं की ओ.”



क्लार्क म्हणाला होता, हवालदारसाहेब रजेवर घरीच आहेत, एकोणीस तारखेला परत हजर होतील. आधीचं लिहून दिलेलं मागे घेतो असा कागद आणि मुलीचं नाव घातलेला फॉर्म त्यांनी सही करून आणला तर आपण लगेच चढवू. नाहीतर मग तुमचा अर्ज, आमचं उत्तर, सगळं टपालानं. त्या दिवशी पंधरा तारीख होती.

त्याच दिवशी संदीपला फोन केला. “त्यांनीच लिहून दिलंय की ताई,” तो म्हणाला. मला हेच अपेक्षित होतं. “कागद मीच टाइप केलाय,” म्हटलं, “म्हणूनच सांगतेय. उद्या या.” सोळाला आला नाही. फोन उचलला नाही. सतराला सकाळी विमलचे तीन फोन आले, मी दोन घेतले. दुपारी तो दारात उभा राहिला, मागं रोहिणी. तिनं चप्पल काढण्याआधी खोलीत कोण कोण आहे ते पाहून घेतलं. मी विमलला येऊ नको म्हणून बजावलं होतं ते बरं झालं.

संदीप वाईट माणूस नव्हता. उंच, थोडा वाकलेला, बोलताना हातातला फोन सारखा उलटा ठेवायचा. पोरगी कशी आहे हे त्यानं विचारलं नाही, पण प्रमाणपत्रावरचा तिचा फोटो बराच वेळ बघितला. फॉर्म वाचला, पेन काढलं. तेवढ्यात रोहिणी म्हणाली, “थांबा.”

मग माझ्याकडे वळून, “ह्यानं माझ्या पोरांचं काय कमी होतं का ओ?”

आता इथं खरं सांगते, मला खोटं बोलावंसं वाटलं. दवाखान्याच्या कार्डाचं कमी होत नाही, तिघांना तीन कार्डं मिळतात. एवढंच सांगून गप्प बसले असते तर ते खोटंही झालं नसतं. सही झाली असती. दोन दिवस हातात होते, विमल घरी फोनजवळ बसून होती. पण मागच्या वेळी मी गप्प बसले होते, आणि त्याचं काय झालं ते टेबलावरच पडलं होतं.

“कार्डाचं काही कमी होत नाही,” मी म्हटलं. “पण ह्यांच्या मागं जी पेन्शन राहील तिचे वाटे होतील. हिच्या आईचा घटस्फोट झाला नसता तर तिला जो वाटा मिळाला असता, तो हिला मिळेल.”

“म्हंजे निम्मं?”

“निम्मं.”

संदीपनं पेन खाली ठेवलं. “ताई, तुमी नक्की कुणाच्या बाजूनं हाय?”

“ज्यांनी सही करायची आहे त्यांना आधी कळावं, या बाजूनं.”

रोहिणी उठली. दारापर्यंत गेली. मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात टपालाचे दिवस मोजायला लागले आणि विमलला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायला लागले. रस्त्यावर शिरोली एमआयडीसीकडं जाणारा ट्रक हॉर्न देत अडकला होता, त्या आवाजात ती काय म्हणाली ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, उद्या ह्यांनी मला सोडलं, तर माझ्या पोरांचं काय?”

“हाच नियम. तुमची पोरं यादीत राहतील.”

“आणि मी रागानं काय बी लिहून दिलं तर?”

“तरी राहतील. पोरांचं आईला लिहून देता येत नाही.”

ती परत आली आणि संदीपपुढं फॉर्म सरकवला. “करा सही.”

“अगं, मी तुला कशाला सोडीन?”

“तिला बी असंच म्हणाला असशीला. करा. कुठं कुठं करायची ओ ताई?”

“तीन ठिकाणी.”

“तिन्ही ठिकाणी करा. आणि घाईघाईनं नको, नीट वाचता यील अशी करा.”

त्यानं केली. रोहिणीनं फॉर्मचे फोटो काढून घेतले, स्वतःच्या फोनवर. जाताना मला म्हणाली, “लई वाईट बाई हाय तुमी,” आणि हसली नाही. माझ्या कामाबद्दल आजवर कुणी इतकं नेमकं बोललेलं नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. संदीप एकोणीसला हजर झाला. वीस, एकवीस, काही नाही. बावीसला क्लार्कनं फोन उचलला नाही. तेवीसला उचलला आणि म्हणाला, साहेबांची सही बाकी आहे, साहेब बाहेर आहेत. विमल रोज दूध घालून झालं की फोन करायची. चोवीसपासून मी तिच्या आधी तिला करायला लागले, कारण तिच्या रिंगची वाट बघणं मला सोसेना. माझा नवरा म्हणाला, “आता काय तुला फौजेत भरती व्हायचंय का?” महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना क्लार्कचा फोटो आला. पार्ट टू ऑर्डर, अपत्य, मुलगी, अपंग, अवलंबित. प्राजक्ताचं नाव सगळ्यात वर, कारण वयानं तीच मोठी.

विमलनं तो कागद वाचला. तिला सगळं वाचता येतं, हळू.

“ह्यात माझं नाव न्हाई न्हवं कुठं?”

“नाही.”

“बरं झालं.” मग लगेच, “आता अजून काय करायचं राहिलं?”

एकच राहिलं होतं. प्राजूला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत, म्हणून तिच्या वतीनं सही करणारा पालक लागतो. आधी आई. त्याखाली दुसरा रकाना असतो, आईनंतर कोण. मी पेन घेतलं. विमल म्हणाली, “पेन्शिलीनं लिवा.”

पहिल्यांदा भावाचं नाव लिहिलं. चार महिन्यांनी येऊन तिनं ते खोडायला लावलं. वहिनीनं प्राजूला झटका आला असताना गोठ्यात बसवून ठेवलं होतं. मग मामेबहिणीचं लिहिलं. तिला गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. परवा विमल आली ती दारातूनच म्हणाली, “ताई, खोडा.”

मी खोडलं. दोनदा खोडून तिथं कागद विरलाय.

“कुणाचं लिहू?”

प्राजू स्टूलवर बसून टाचण्यांच्या डबीचं झाकण उघडत होती, लावत होती.

“तुमचं वय किती ओ, ताई?” विमलनं विचारलं.

मी खरं वय सांगितलं. तिनं बोटांवर हिशेब केला, मान हलवली आणि म्हणाली, “मग न्हाई उपेग. ऱ्हाऊ दे रकाना तसाच.”